डोळे

आधी दिली फळी घासायची.
ती कुणालाही देता येते.
मग अस्तर, मग मागचा निळा,
मग केस. केजेतिया बाजारातल्या न्हाव्यांना
केस अगदी मोजून लागतात,
तरी दिले; न्यार्को बरे काढतो, थोडे दाट काढतो.
एका वर्षी गल्ल्याची किल्लीसुद्धा दिली,
काही वाटलं नाही.
डोळे मात्र कुणाला दिले नाहीत.

सव्वीस वर्षं.
कुमासीत ज्या पाटीवर चेहरा आहे
आणि चेहरा थेट तुमच्याकडे बघतोय, ती पाटी माझी.
शिंपिणी, न्हावी, दात काढणारा वैदू,
शवपेट्या विकणारा तो हसरा माणूस,
सगळ्यांच्या बुबुळांतला शेवटचा पांढरा ठिपका
मी ठेवला, श्वास रोखून.
मागे सहा पोरं हात बांधून उभी.
ठिपका पडेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही.

त्याचं झालं असं
की भिंतीला टेकून आंधळ्या पाट्या साठत गेल्या.
अकरा. मग एकोणीस.
कॉलर कडक, भांग चोख,
आणि डोळ्यांच्या जागी नुसता तपकिरी.
गिऱ्हाईक यायचं, स्वतःच्याच चेहऱ्यासमोर उभं राहून
विचारायचं, कधी उघडणार?

मान्सा म्हणाली, सगळं स्वतःच्याच हाताने करतोस,
उद्या स्वतःचा खड्डाही तूच खणणार का?
म्हटलं, कडा सरळ कुणाला जमतात हल्ली.
ती हसली नाही.

हात थरथरतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
खापर फोडलं हर्मटानच्या धुळीवर,
टर्पेंटाइनवर, अपुऱ्या झोपेवर.
एका शिंपिणीची नजर तिरळी झाली, तेव्हा
पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली
आणि पोरांना सांगितलं, डबाच खराब निघाला.
मी जेवायला गेल्यावर सेरवाने ती उलटून पाहिली असणार.
बोलली काही नाही.
ब्रश धुऊन ठेवले, माझा सगळ्यांत वर.

बुधवारी तो तिच्या हातात दिला.
कर, एवढंच म्हणालो.
पुढचं सगळं – असा धर, मनगट टेकव, घाई नको –
दातांखाली दाबून बाहेर आलो.
समोरून केंकी घेतली. भूक नव्हती.
तीन ट्रोट्रो गेल्या, चौथीचा पोरगा माझ्याकडे बघून ओरडला,
बसणार का? बसलोच होतो मी, बाकावर,
हात मांड्यांखाली घालून,
जसा थोरल्याच्या वेळी दवाखान्याबाहेर बसलो होतो.
तिथेही माझं काही काम नव्हतं.

आत गेलो तर न्हाव्याच्या पाटीवरचा माणूस
माझ्याकडे बघत नव्हता.
जरासा बाजूला बघत होता, दाराकडे,
कुणी ओळखीचं येतंय असा.

सरळ नजर गिऱ्हाईक ओढते,
हे मला शिकवलेलं, मी सहा जणांना शिकवलेलं.
ब्रश मागायला हात पुढे गेला.
गेला होता.
मग त्याच हाताने मी पाटीवरची माशी हाकलली.
माशी नव्हती.

नाव? सेरवाने विचारलं.
उजव्या कोपऱ्यात खाली नाव मी घालतो, तेही मीच.
म्हटलं, घाल.
कुणाचं?

हे मी योजलं नव्हतं.
बाहेर कुणीतरी जनरेटर सुरू केला,
त्या आवाजात काही बोललो नाही तरी चालण्यासारखं होतं.
दुकानाचं, म्हणालो शेवटी.
दुकानाला माझंच नाव आहे. तिने ते लिहिलं,
अक्षरं उजवीकडे कललेली,
जणू कुठे तरी निघालीत.

शनिवारपर्यंत एकोणीसही जणांनी डोळे उघडले.
शवपेटीवाल्याची बायको पैसे मोजून देताना म्हणाली,
या वेळी जिवंत वाटतोय.
मी पावती फाडली.

ती गेल्यावर मी दाराशी जाऊन उभा राहिलो,
ते सगळे जिथे बघत होते तिथे.