मळ नाही

दर रविवारी मी त्याची मान घासायचे.
बेसन, लिंबू, शेवटी तर वजरीसुद्धा.
"काय रे प्रज्योत, धुळीत लोळतोस का?"
तो डोळे मिटून उभा, खांदे कानांपर्यंत चढलेले,
आणि मानेवरचा तो मखमली काळा पट्टा
जिथल्या तिथं.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी
मान पाहिली, वजरीचे ओरखडेही पाहिले,
आणि हलकेच म्हणाल्या,
"ताई, हा मळ नाहीये."

मग कमरेभोवती टेप. मग दंडाला प्रेशरचा पट्टा.
लहान मुलांचा पुरला नाही.
सिस्टरनं कपाटातून मोठ्यांचा काढला,
त्याच्या बाबांना लागतो तोच.
प्रज्योत भिंतीवरचा हृदयाचा तक्ता पाहत राहिला,
निळ्या नळ्या, लाल नळ्या,
जणू परीक्षेला येणार आहे.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी.
उपाशीपोटीची साखर काठावर.
ट्रायग्लिसराइड दोनशे बारा.
यकृतावर चरबी, पहिली पायरी.
वय : १४.
ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली.
वाटलं, कुणाशी अदलाबदल झाली असेल.
ह्यांची गोळी चाळिशीत सुरू झाली
तेव्हा अख्खी गल्ली भेटायला आली होती.

पावणेदोन किलोचा जन्मला होता हो तो.
नऊ दिवस काचेच्या पेटीत.
मी वजनकाट्याला नवस बोलले होते.
मग डब्यात चौथी पोळी, तुपाचा हात सैल,
आणि "खात्यापित्या घरचं पोट्टं!" म्हणत
सगळ्या नात्यानं ह्याच गालांचे पापे घेतले.

शाळा दुपारी सुटते, क्लास साडेआठला.
मधे कोपऱ्यावरचा चायनीजवाला.
मे महिन्यात कूलर, आणि कूलरसमोर मोबाईल.
पंचेचाळीस डिग्रीत लेकराला बाहेर कोण धाडेल?
मैदान होतं मागे. तिथं आता लॉन झालं, लग्नाचं.
हिरवळीवर पाय ठेवायचा तर पत्रिका लागते.

घरी येताना ऑटोत त्यानं विचारलं,
"आई, हे जाते का मंग?"
हे म्हणजे मान, की आतलं,
मी विचारलं नाही.
"जाते," म्हटलं.
बाई एवढंच म्हणाल्या होत्या :
आत्ता सुरू केलं तर कमी होऊ शकतं.

आता पहाटे साडेपाचला आम्ही दोघं
सक्करदरा तलावाच्या बाजूनं निघतो.
तो रागानं चालतो. मी धापा टाकत.
पहिला आठवडा एक शब्द नाही.
काल मात्र विजेच्या खांबापाशी थांबला,
मागे वळून म्हणाला,
"चल नं वो."

आज रविवार.
वजरी माझ्या टाचांपुरती उरली आहे.
त्याच्या मानेवर मी तांब्यानं नुसतं पाणी सोडते,
पेटीतून घरी आणल्यावर
पहिल्यांदा सोडलं होतं तसं, हात अडवून.
तो सवयीनं डोळे मिटून उभा.
"घासत नाहीस?"
पाणी पाठीवरून उतरत जातं.
खांदेही उतरतात,
थोडेसे.