गुलाबी, पंधरा सेकंद

भोसरीच्या लॅबमध्ये माझ्याकडे येतं ते फळ
कुणाचंच नसतं.
पिशवीवर गाव नाही, मळा नाही, नुसता नंबर:
एफ-२१७, उणे अठरा, आठ महिने.
मी ते आम्लात वाटते, गाळते,
आणि ब्युरेटमधून निळा रंग थेंब थेंब सोडत राहते.
क जीवनसत्त्व असेपर्यंत निळा विरतो.
ते संपलं की गुलाबी उमटतो,
आणि पंधरा सेकंद टिकला
तरच आकडा वहीत चढतो.

पण स्ट्रॉबेरी मुळातच लाल.
लालात गुलाबी शोधायचा
म्हणजे देवळाबाहेर आपली चप्पल.
तांबोळी सर म्हणतात, पाणी वाढव, अजून पातळ कर,
मागे सरकून बघ.
मी मागे सरकून बघते.

घरी, बिबवेवाडीत, दादा.
गुलटेकडीला एकतीस वर्षं आडत.
पेटी उघडायच्या आधी वासावर सांगायचे
माल भिलारचा का वाईचा,
काल तोडलेला का परवा.
रुमालाखाली किती भाव ठरले
ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक.
त्यांच्यापुढे मी फ्रीजरमधली पिशवी ठेवली.
डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं: बेरी, अर्धी वाटी, बिनसाखरेची.
"हे तर मढं आहे, पोरी.
बर्फावर ठेवलेलं."

मी आकडे काढले.
की ही पिकल्यावर तोडतात, आणि त्याच दिवशी गोठवतात.
की तुमची ताजी अर्धीकच्ची निघते,
एक रात्र टेम्पोत, एक दिवस गाळ्यावर,
तीन दिवस सातारा रोडच्या हातगाडीवर उन्हात,
आणि रोज तिच्यातून काहीतरी जात राहतं,
चकाकी सोडून.
याच कंपनीचा आठ महिन्यांचा माल: अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम.
कोपऱ्यावरच्या पनेटमधली: एक्केचाळीस.
तीनदा मोजलंय, दादा. मी स्वतः.
दादा म्हणाले, "भाव काय?"
सांगितला.
"हमाली धरून?"

एक गोष्ट मी सांगितली नाही.
गोठताना आतल्या पाण्याच्या सुया होतात,
पेशींच्या भिंती आतून फुटतात,
म्हणून वितळल्यावर फळ उभं राहत नाही,
वाटीत बसकण मारतं.
आकार जातो. बाकी पुष्कळसं तिथंच असतं.
हे सांगायचं राहिलं
कारण दादा तेव्हा पलंगाची कड धरून
उठायचं बघत होते.

मग त्यांनी एक उचलली,
अंगठा आणि तर्जनीत,
पेटीतली वरची उचलायचे तशी.
दाबली. फिरवली. पुन्हा दाबली.
"गार कुठाय?" म्हणाले.

दगड होती ती. अंगावर पांढरं दव धरलेलं.
साखर आधी पायांत शिरली होती,
हे मला माहीत होतं.
बोटांपर्यंत कधी आली,
ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.
मी पिशवीवरची बारीक अक्षरं वाचत राहिले,
तंतू, ऊर्जा, सोडियम,
सगळं शंभर ग्रॅममागे.

त्यांनी ती तोंडात टाकली.
चेहरा आक्रसला, एक डोळा मिटला.
"आयला,
जिभेला कळतंय की."
बराच वेळ घोळवली. मग निकाल:
"भिलारची नाही. वाईकडची.
पाणी जास्त पाजलंय."
पिशवीवर पत्ता भोसरीतल्या गोदामाचा.
खरं-खोटं विचारणार कुणाला?

सकाळी वाटीत उरलेल्या पाचसहा जणी मऊ पडल्या होत्या,
भोवती लाल पाण्याचं तळं.
आई असती तर निथळून मोरीत ओतलं असतं.
मी म्हटलं, टाकू नका, पाण्यातही उतरलेलं असतं.
"किती?"
हे मी कधी मोजलं नव्हतं.

दादांनी वाटी दोन्ही तळव्यांत धरली,
बोटांवर विश्वास न ठेवता,
आणि तोंडाला लावली.

पांढऱ्या मिशीला गुलाबी.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.