खोली नंबर दोन

देवबागला आमच्या घराच्या एका अंगाला समुद्र,
दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी.
मधली माती इतकी अरुंद
की पुढच्या दारातून हाक मारली
तर मागच्या पाण्यावरचा बगळा उडतो.

इथं राहून काल रात्री मी
कॅल्क्युलेटर घेऊन बसले,
बेटावर जायचा खर्च काढायला.

सासरे म्हणाले, "खारा पाणी बगूक पैशे कित्याक?
दारात काय आसा मगे?"
आणि विडी विझवून हळूच विचारलं,
"थय बांगडो गावता काय?"
उभा जन्म त्यांनी रापण ओढली.
समुद्र आपल्याकडे खेचला,
पाणी ओलांडून कधी कुठं उतरले नाहीत.

अकरा वर्षं दोन खोल्या चालवतोय आम्ही.
साताऱ्याची, नाशकाची, एकदा तर भोपाळची माणसं
पायांची वाळू ओट्यावर झटकतात,
विचारतात, डॉल्फिन किती वाजता येतात,
जशी काय ती मालवणची एसटी.
ती गेली की मी चादरी काढते.
उशीखाली राहिलेल्या क्लिपा, चार्जर,
एकदा एका पोराचा पडलेला दात,
सगळं एका डब्यात ठेवते.
दाताला कोणी फोन केला नाही अजून.

एका बाईनं विचारलं होतं,
"तुम्ही कुठं जाता हो सुट्टीत?"
सुरमई तव्यावर होती.
ती उलटवायला मी जरा जास्तच वेळ लावला.

पावसात आम्ही रिकामे, तेव्हा बेटाचं जहाज बंद.
जहाज सुरू, तर आमचा हंगाम.
शेवटी दिगंबरनं कॅलेंडर भिंतीवरून काढलं,
खिळ्याखालचा रंग अजून नवा होता.
फेब्रुवारीत एक आठवडा.
कुडाळहून रात्रीची गाडी, एर्नाकुलम,
पुढं जहाज.
बेटावर धरून तीनच रात्री.

मैथिलीनं नकाशात शोधलं.
"आई, हे बेट आहे की छापताना उडालेली शाई?"
मग बराच वेळ गप्प राहून,
"तिथली खोली कोण झाडणार? तूच?"
"नाही गं," म्हटलं मी,
पण झाडू नेऊ नये, हे मला
यादीत लिहून ठेवावं लागलं.

परवान्याच्या फॉर्मवर एक रकाना:
भेटीचे कारण.
दिगंबरनं पेन उचललं, ठेवलं.
सासरे खाटेवरून म्हणाले,
"लिव, सोयऱ्यांका भेटूक."
आम्ही पर्यटन लिहिलं.
अक्षर वाकडं आलं.

मग बुकिंगची वही उघडली.
नऊ ते सोळा, दोन्ही खोल्या.
नावाच्या जागी मी आमचंच आडनाव लिहिलं, कुबल,
मोठे तीन, लहान एक,
जेवण: मासे.
तेवढ्यात सांगलीचा फोन.
आठ माणसं, त्याच तारखा, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो म्हणाले.
दिगंबर माझ्याकडे बघत राहिला.
कॅल्क्युलेटरवर साडेसहा हजार अजून कमी होते,
आकडा विझला नव्हता.
"फुल्ल आहे हो," मी म्हटलं.
"कोण आलंय एवढं?"
"घरचीच माणसं आहेत."
फोन ठेवला तेव्हा हाताला घाम.

रात्री सासरे आपलं कांबळं घेऊन उठले,
थेट खोली नंबर दोनमध्ये गेले.
"पावणो होवची सवय करूक व्हयी," म्हणाले
आणि आतून कडी लावली.
बराच वेळ पंख्याचं बटण चालू बंद, चालू बंद.

सकाळी बघते तर चादर घडी केलेली,
बादली उपडी, खिडकी उघडी.
उशीखाली दहाची नोट,
चार घड्या घातलेली.

ती प्रवासाच्या पैशांत मिळवावी
की त्या दाताशेजारी डब्यात ठेवावी,
दुपार झाली तरी
ठरवता आलेलं नाही मला.