फुगवटा

गणपती उठले, तोंडाची चव परत आली,
म्हणून रविवारी कण्हेरच्या फुगवट्यावर
मी आणि घड्याळवाला दिलावर मुलाणी.
त्याची रीळ दर वेळी अडकते.
पवईनाक्यावर लोकांचे सेकंद जुळवणारा हा माणूस
इथं दुपारच्या दुपार उधळतो
आणि मला म्हणतो, हळू बोल, पाण्याला कान असतात.

वेण्णा गवतात शिरली होती.
कुणाच्या तरी बांधावरची करंजी
कमरेइतक्या पाण्यात उभी,
आणि तिच्या सावलीत
परातीएवढा तांबडा ठिपका,
आमटीला उकळी फुटावी तसा हलणारा.

काठावर म्हशी घेऊन बसलेलं भोयाचं पोरगं म्हणालं,
मरळीची पिल्लं हायती.
तितंच टाका. आई खालीच आसती.

दिलावरनं दोरी गुंडाळली.
बोलला काहीच नाही,
नुसता डबा उघडून भाकरीकडं बघत बसला.

मी रबरी बेडूक टाकला
ठिपक्याच्या बरोब्बर मधे.
पहिल्यांदा पिल्लं फाकली, पुन्हा मिळाली.
दुसऱ्यांदा पाणी फुटलं.
तिनं तो भुकेनं धरला नव्हता.
भुकेची ओढ मला हाताला कळते,
एसटीच्या डेपोत सत्तावीस वर्षं नट आवळलेत मी.
ही ओढ वेगळी होती:
दारात आलेल्या माणसाला
ढकलून बाहेर काढतात तशी.

दोन किलोला थोडी कमी भरली.
पोरगं म्हणालं, झ्याक.
गळ काढताना मान वळवली तर
ठिपका तिथंच उकळत होता,
आणि पलीकडच्या खुंटावर
एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला,
त्याला कसलीच घाई नव्हती.

रात्री कांदालसणीच्या चटणीत रस्सा झाला.
रंजना म्हणाली, मरळीचं हे बरं असतं,
काट्यांची भीती नाही, पोरांनाही देता येते.
मी दोन वेळा भात घेतला.
खोटं कशाला सांगू, चांगली लागली.

पुढच्या रविवारी करंजीखाली
पाणी ताटासारखं सपाट.
मी शंभर पावलं पुढं जाऊन बसलो.
दिलावरनं विचारलं, इथं का नाही टाकत?
म्हटलं, शेवाळ फार आहे.

शेवाळ नव्हतं.
तो वाकून रिळेचा स्क्रू पिळत राहिला,
बराच वेळ,
घट्ट असलेलाच.