जर

ग्रिम्सबीत जानेवारी. न्हाणीघरातला हीटर
टिकटिक करत तापतो, मग विसरतो.
टबात वीतभर कोमट पाणी, मूठभर मीठ.
मॉरीन नर्सने सांगितलंय:
पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा.
लघवी होताना वरून पाणी ओतत राहा, आग कमी होते.
कशाने ओतू, तर ती जग म्हणाली.
माझ्याकडे तांब्या आहे.

पुसायचं नाही, टिपायचं.
सैल सुती चड्डी. व्हॅसलीन,
आधी हात धुऊन, नंतर पुन्हा धुऊन.
गोळी पाच वेळा; पाचवी नेहमी झोपेत आठवते.
गोठलेल्या मटारची पिशवी पंचात गुंडाळून
मांडीशी धरायची.
ते मटार मी खाल्ले नाहीत, फेकलेही नाहीत.
फ्रीजरच्या कोपऱ्यात आहेत, वर लाल पेनाची फुली.

फॅक्टरीत कळवलं, पाठ धरलीय.
चार दिवस माझ्याविना मासे खोक्यांत गेले.

रविवारी चिपळूणहून कुंदाचा फोन.
आवाज का असा? म्हटलं, ओठावर जर उठलाय.
फारसं खोटं नव्हतं. ओठ ते ओठच.
"ताप मुतला असेल," ती म्हणाली. "लोणी लाव.
नखं लावू नकोस. उष्टं देऊ नकोस कुणाला.
आणि दोन दिवस फार बोलू नकोस."
बोलत नाहीच आहे, म्हटलं.

कुणाकडून, हे मॉरीनला विचारलं होतं.
हेरंब जाऊन सहा वर्षं झाली. ऑक्टोबरपासून फ्रँक,
गोदीतला क्रेनवाला, डाव्या कानाने अधू.
सांगता येत नाही, ती म्हणाली.
वर्षानुवर्षं झोपून राहतो हा,
कण्याच्या मुळाशी, एखाद्या नसेत,
भाडं न देता.

मग रात्री टबात बसून जरला तर जोडत राहिले.
जर हेरंबकडून, तर ते नागपूरचे तीन महिने.
जर फ्रँककडून, तर त्याला ठाऊक होतं का.
जर त्याच्याही आधी, जर ब्याऐंशी साली, दापोलीला,
तर
पाणी गार झालं. नळ सोडला.

मंगळवारी फ्रँकला सांगितलं.
त्याला ऐकू आलं नाही.
दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं,
इतक्या मोठ्याने की शेजारचा कुत्रा भुंकला.
तो टोपी घालून निघून गेला.
मी खिडकीतून पाहिलं नाही. पाहिलं.

तासाभराने दारात उभा.
चिप्सच्या दुकानातून मागून आणलेली
मिठाची गोणी खांद्यावर, बारा किलो.
"एवढं पुरेल?"

नवव्या दिवशी खपली पडली.
जिऱ्याएवढी. हिच्यासाठी एवढं सगळं.
परत येईल, मॉरीनने सांगून ठेवलंय,
बहुतेक सौम्य, पण येईल.
येऊ दे. तांब्या तिथेच ठेवलाय.

मिठाची गोणी जिन्याखाली अडून बसलीय.
कुंदाला फोन केला: लिंबाच्या लोणच्याला
मीठ किती घालायचं, फोडी किती दिवस मुरवायच्या,
इथे ऊन नाही तर कुठे ठेवायच्या,
आणि ती सातारची मावशी घालायची ते आलं.
"अगं हो हो," ती म्हणाली,
"बोलायला लागलीस की."