उलटी बादली

मी एंडेल. हिऊमा बेटावरच्या शाळेचा बॉयलर
सव्वीस हिवाळे पेटवतोय.
वर एकतीस मुलं, खाली मी,
मधे लोखंडी जिना. त्याची चौथी पायरी कुरकुरते,
म्हणून कोण येतंय ते मला आधी कळतं.

त्या नोव्हेंबरात ती कुरकुरली नाही.
कुठली पायरी गाळायची
ते ताअवेतला पहिल्याच दिवशी समजलं होतं.
लपणाऱ्या मुलांना घरं लवकर पाठ होतात.

लाकडांच्या ढिगामागं बसला होता. अकरा वर्षांचा,
दोन शाळांनी परत पाठवलेला,
नखं खाऊन खाऊन बोटं आखूड दिसायची.
मी काही विचारलं नाही. भट्टीत दोन ओंडके सारले.
बर्चची साल भुर्रकन पेटते,
लाकूड मागाहून, विचार करून.

माइमू बाई शोधत आल्या.
मला वाटलं, आता धरतात कान.
त्या माझी राखेची बादली उलटी करून तिच्यावर बसल्या,
म्हणाल्या, "इथं ऊब छान आहे हो, एंडेल,"
आणि बराच वेळ दुसरं काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक स्टूल आलं. मग आणखी एक.
मग एक वही,
तिच्यात तांबडी रेघ शेवटपर्यंत उमटली नाही.

आमच्या भाषेत काही अक्षरांच्या डोक्यावर दोन ठिपके असतात.
ताअवेतला ती चिलटं वाटायची,
या ओळीवरून उठून त्या ओळीवर बसणारी.
"मग थांब," बाई म्हणायच्या, "बसू देत त्यांना."
एवढंच.
सोपं तर आहे, नाही. लवकर आटप, नाही.
तुझ्या वयाची मुलं बघ, हे तर नाहीच नाही.
मला मेलं ते थांबणं जमायचं नाही;
शब्द माझ्याच जिभेवर यायचा,
मी उगीच निखारे ढवळत बसायचो.

एकदा त्यानं वही भट्टीत फेकली.
दार उघडं राहिलं होतं, चूक माझी.
बाई जाळाकडे बघत म्हणाल्या, "चांगली जळतेय की,"
आणि पिशवीतून दुसरी काढली.
नंतर कळलं, पिशवीत चार होत्या.

तो आधी भट्टीला वाचून दाखवायचा.
भट्टी हसत नाही.
मग मला. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
त्याला मोठ्यानं वाचावं लागायचं.
बाईंनी मुद्दाम त्याला त्या बाजूला बसवलं होतं का?
विचारायचं राहून गेलं.

लहानपणी मी तोतरा होतो.
मास्तरांनी मला घंटा वाजवायचं काम दिलं,
म्हणजे बोलायला नको.
सगळे म्हणाले, काय दयाळू माणूस.
मीही म्हणायचो, परवा-परवापर्यंत.

मेमध्ये बॉयलर बंद होतो. भिंती गार पडतात.
"आता रे?" बाईंनी त्यालाच विचारलं.
त्यानं ढिगातलं एक लाकूड उचललं, काखेत मारलं
आणि वर गेला,
चौथ्या पायरीवर चांगला दाबून पाय देत.

वर्षअखेरीला त्यानं सगळ्यांसमोर सात ओळी वाचल्या.
लाकूड टेबलावर होतं.
तिसऱ्या ओळीला मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.
तो थांबला. चिलटं बसू दिली.
मग चौथी.
(अजूनही त्याला फेब्रुवारी धड लिहिता येत नाही.
येईल, किंवा नाही येणार.)

ऑक्टोबरात पहिला जाळ केला त्या दिवशी
पायरी कुरकुरली. दोनदा.
पुढं ताअवेत, त्याचं बोट धरून दुसरीतली एक मुलगी,
रडून नाक लाल झालेलं.
"हिला आकडे छळतात," तो म्हणाला.

स्टुलं दोनच. एकावर मी.
दुसरं त्यानं तिच्याकडे सरकवलं,
राखेची बादली उलटी केली
आणि बसला.