दर तीस सेकंदांनी

दांडिया बाजारात, चष्म्यांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर माझी खुर्ची आहे.
इथून मी पादऱ्याच्या शीतगृहातला
एक संगणक चालवते.
मधे पंधरा किलोमीटर, एक राउटर,
त्याच्यापुढे आणखी एक राउटर,
आणि फायरवॉल, मालकाच्या भाच्याने बसवलेली.
पासवर्ड तो कॅनडाला घेऊन गेला.

संगणकाला पत्ता आहे, पण सांगण्यासारखा नाही.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात.
माझ्या घरच्या टीव्हीचाही हाच,
खालच्या चष्मेवाल्याच्या बिलाच्या मशीनचाही.
पोळापोळात एकेक मारुती असतो तसा.
‘मारुतीजवळ’ लिहिलं तर टपाल कुठे टाकायचं?

बाहेरून गेलं की भिंत विचारते, कोण?
आणि उत्तर ऐकायच्या आधीच नाही म्हणते.
आतून बाहेर निघालेल्याला मात्र
ती काही म्हणजे काही विचारत नाही.
सगळी मेख तिथे आहे.

म्हणून मी त्यालाच शिकवलं,
दर तीस सेकंदांनी तूच हाक मार.
आहे, आहे, एवढंच.
ती हाक मी धरून ठेवते
आणि तिच्याच पाठीवरून
उलटी आत जाते.
माझ्याकडे तेव्हा हिरवा ठिपका लागतो.

तिकडे रात्रपाळीला विश्वासराव दिघे.
बटाट्याच्या गोण्या, वजनाची पावती, तापमानाची नोंद.
पहिल्यांदा पडद्यावरचा बाण आपोआप हलला
तेव्हा त्यांनी माउसवर टोपी झाकली म्हणे.
मग धरला. मी डावीकडे, ते उजवीकडे,
बाण मधेच थरथरत.
शेवटी नोटपॅड उघडून मी लिहिलं:
काका, हात काढा.
बऱ्याच वेळाने, एका बोटाने, एकेक अक्षर:
काढला.

तेव्हापासून बोलणं तिथेच.
दोघांत एक कर्सर,
एकाने लिहायचं तर दुसऱ्याने थांबायचं.
दोन वाजून चाळीस. प्रिंटर चालत नाही, बेन.
बघते. चालतोय की.
अजून जागी?
जागीच. आत किती?
तीन डिग्री. मांजरीला पिल्लं झालीत,
कॉम्प्रेसरमागे, ऊब बघून.
किती?
चार. एक बांडं.
मग खिडकी बंद. ‘बदल जतन करायचे?’
नाही.

दिवाळीनंतर जुन्या नोंदी चाळताना दिसलं:
प्रिंटर मंगळवारीच पडतो.
दोन अडतीसला केबल निघते,
तीनच्या आत परत लागते.
केबल काही वार पाळत नाही.

मी बोलले नाही.
लिहिलं, सैल झालीय काका, बघते हं,
आणि मंगळवारी थर्मासात
चहा जरा जास्त भरू लागले.

उत्तरायणला अटलादऱ्याजवळ
कुणाच्या तरी मांज्यात गुंतून लाइन ओढली गेली.
गच्चीगच्चीवर लपेट, लपेट,
आणि माझ्या पडद्यावर ठिपका राखाडी.
इथून करण्यासारखं काहीच नव्हतं.
गिऱ्हाइकांना मी हे रोज समजावते,
आतून हाक आल्याशिवाय नाही होत, साहेब,
अगदी शांतपणे समजावते.
त्या दिवशी उंधियू डब्यातच राहिला.
दर थोड्या वेळाने ठिपक्यावर क्लिक करत होते,
लिफ्टचं बटण लोक दाबतात तसं.

वासी उत्तरायणही गेली.
सतराच्या पहाटे, चार वाजून बारा,
हिरवा.

आत गेले.
नोटपॅड आधीच उघडं होतं.
मंगळवार नव्हता.
वर एकच ओळ, कर्सर तिच्या टोकाला लुकलुकत,
म्हणजे बोट अजून तिथेच होतं:

प्रिंटर ठीक आहे. तरी